तुमच्या देशात उपलब्ध नाही

१४ जानेवारी

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

आपल्या नावाड्याचा सातवा आणि शेवटचा खंड निघाला. मी सकाळी चहा बाजूला ठेवून टॅब्लेट उघडला. मुखपृष्ठ दिसलं. तीच नाव, तोच धक्का आणि नावाडी पाठमोरा. बोट ठेवलं तर खाली ओळ आली, ‘हे पुस्तक तुमच्या देशात उपलब्ध नाही.’ पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा तेच. मग खालून औषधवाल्याला वर बोलावलं. माझ्या गोळ्या आणि माझा टॅब्लेट दोन्ही तोच सांभाळतो. त्याने बराच वेळ डोकं खाजवलं आणि सांगितलं, की पुस्तक आहे, पण आपल्याला नाही.

चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासण्यात गेली. पुस्तक संपलं, भिजलं, वाळवीने खाल्लं, हे सगळं ऐकलं होतं. पण माल शिल्लक आहे, दुकान उघडं आहे, गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि दुकानदार विचारतो, ‘राहता कुठे?’ हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

तुझ्याकडे मिळतंय का बघ. याही वेळी पहिल्या सहा खंडांसारखंच करायचं. दोघांनी एकाच वेळी वाचायचं, ठरल्यापेक्षा एक पानही पुढे जायचं नाही आणि जे बोलायचं ते पत्रातून. फोन तब्येतीसाठी आणि पार्सलसाठी. तू परदेशी गेलीस त्याला अकरा वर्षं झाली, एवढ्या वर्षांत हा नियम मोडला नाही. शेवटच्या खंडाला मोडायचा माझा विचार नाही.

मला ते टॅब्लेटवरच हवं आहे. कपाटात जागा नाही.

ओळी वाकड्या आल्या आहेत. टेबलाचा पाय हलतो.

तुझा
मामा

२९ जानेवारी

प्रिय मामा,

पत्र मिळालं आणि मी दुपारच्या सुट्टीत, हातात एका आजोबांची अर्धी कवळी असताना, दुसऱ्या हाताने पुस्तक घेतलं. मिनिटही लागलं नाही. मग तुला भेट म्हणून पाठवायला गेले, तर दुकान म्हणालं, ज्यांना देताय ते चुकीच्या देशात आहेत. तुझ्या नावाने इथलं खातं काढायला गेले, तर तुझ्या कार्डाचा पत्ता मागितला. माझं वाचनयंत्रच पार्सलने धाडते म्हटलं, तर पोस्टातली बाई म्हणाली, बॅटरी असलेलं काही घेत नाही. तीन दारं ठोठावली, तिन्हीकडे आत कुणीतरी होतं आणि कुणीच दार उघडलं नाही.

शेवटी प्रकाशकाला लिहिलं. उत्तर फार गोड आलं. ई-पुस्तकाचे हक्क देशागणिक वेगळे विकतात म्हणे, आणि तुझ्या देशाचे अजून कुणी घेतले नाहीत. ‘आपल्या काकांच्या आवडीबद्दल आभार.’ मी मामा लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती, की छापील प्रत मात्र आम्ही जगात कुठेही पाठवतो.

म्हणजे ज्याला वजन नाही ते सीमेवर अडतं आणि ज्याला वजन आहे ते आरामात जातं. तुझी प्रत निघाली आहे. खंड बारीकच आहे, एकशे वीस पानं, दहा प्रकरणं. कपाटात जागा नसेल तर उशाशी ठेव. शाईच्या वासावर जन्म काढलास आणि आता टॅब्लेटसाठी रुसतोस. म्हातारपणी चैनी झालास.

टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घाल.

तुझी
टाचणी

२० फेब्रुवारी

चि. टाचणीस,
आशीर्वाद.

पुस्तक आलं. औषधवाल्याने वर आणून दिलं. वास चांगला आहे.

मागच्या पानावर तळाशी एक बारीक ओळ असते, आठवतं का? ‘या आवृत्तीची विक्री अमुक देशांबाहेर करू नये.’ हजारो पुस्तकांवर ती ओळ मी स्वतः तपासली आहे. त्या ओळीत चूक राहिली तर साहेब चिडायचे. पण ती ओळ कुणी पाळल्याचं काही मी पाहिलं नाही. छापलेलं पुस्तक एकदा दुकानातून निघालं की कुणाच्या स्वेटरच्या घडीत, कुणाच्या खाऊच्या डब्याखाली, कुठेही जातं. नाक्यावरचा माणूस बॅग उघडून दारू शोधतो, पुस्तक उलटून मागची ओळ वाचत बसत नाही. आता ती ओळच पुस्तकाच्या आत शिरली आहे आणि दारातच हात आडवा करते. चाळीस वर्षं जिला मी सजवून बसवलं, तिनेच मला बाहेर काढलं.

तुझ्या मामीला या ओळीचा वैताग होता. ती मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि मी छापील कागदावर नजर ठेवायचो. अशी आमची जोडी सव्वीस वर्षं एका टेबलावर बसली. ती विरामचिन्हंसुद्धा वाचायची, तसंच वाचावं लागतं. ‘नावाडी उठला स्वल्पविराम दोर सोडला पूर्णविराम.’ घरीही तशीच बोलायची कधीकधी. ‘चहा झालाय स्वल्पविराम उठा उद्गारचिन्ह.’

पहिलं प्रकरण या आठवड्यात सुरू करतो.

मामा

८ मार्च

प्रिय मामा,

तू अजून एका शब्दाने पहिल्या दोन प्रकरणांबद्दल बोलला नाहीस. सहाव्या खंडाच्या वेळी तू मला नावेच्या तळाला किती फळ्या असतात यावर तीन पानं लिहिली होतीस. आजारी नाहीस ना? फोनवर तर बरा वाटलास.

मला नावाडी या वेळी थकलेला वाटतो. तो आता पैलतीरावरच्या माणसांची नावं विसरतो आणि विसरलो हे लपवायला सगळ्यांना ‘पाहुणे’ म्हणतो. वाचून हसले, मग हसू येईना.

परवा आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात नवीन मुलगी आली. तिच्या हातून एक साचा बिघडला तर मोठ्या बाईंनी तिच्या कागदावर सरळ काट मारली. मला माझा फॉर्म आठवला. मी दात बनवायचा अभ्यासक्रम घेतला म्हणून बाबांनी फॉर्मवर आडवी रेघ ओढली होती. मी रडत तुझ्या टेबलापाशी आले. तू लाल पेनने त्या रेघेखाली एकेक ठिपका दिलास आणि फॉर्म बाबांच्या हातात ठेवलास. त्यांनी विचारलं, हे काय. तू म्हणालास, ‘छापखान्यात याचा अर्थ, चुकून काटलं, आहे तसं राहू द्या.’ बाबा चार दिवस तुझ्याशी बोलले नाहीत आणि पाचव्या दिवशी त्यांनी फी भरली.

तिसरं प्रकरण ‘आग’. वाच आणि लगेच लिही. या प्रकरणावर तुझं काय मत होतंय हे मला कधी एकदा कळतंय असं झालंय.

टाचणी

२७ मार्च

चि. टाचणीस,

‘आग’ वाचलं. फार प्रभावी. ज्वाळांचं वर्णन तर असं उतरलं आहे की हाताला ऊब लागावी. नावाड्याची झोपडी जाते तिथे मला वाईट वाटलं. एवढ्या वर्षांचा संसार घटकेत राख. गावकरी वेळेवर धावले नाहीत याचा रागही आला. लेखकाने आग कुणी लावली ते सांगितलं नाही हे बरं केलं, पुढे उलगडेल.

बाकी ठीक. इकडे उकडतंय.

मामा

९ एप्रिल

मामा,

आग लागतच नाही.

सगळं प्रकरणभर नावाडी ओलं सरपण पेटवायचा प्रयत्न करतो आणि ते पेटत नाही. काड्या संपतात. तो हसतो आणि थंड चहा पितो. झोपडीला काही होत नाही. गावकरी या प्रकरणात नाहीतच.

तू पुस्तक उघडलेलंसुद्धा नाहीस. नुसतं प्रकरणाचं नाव वाचून मला दोन परिच्छेद लिहिलेस. परीक्षेत मी असं करायचे तेव्हा तूच माझा कान धरायचास.

आवडलं नसेल तर तसं सांग. माझ्यासोबत वाचायचा कंटाळा आला असेल तर तेही सांग. मी दोन दिवस रडेन आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागेन. पण मला खोटं लिहू नकोस. आपल्यात ते कधी नव्हतं.

काल फोन केला तर आवाज येत नाही म्हणून तू ठेवून दिलास. मला तुझा आवाज स्वच्छ येत होता.

टाचणी

३ मे

टाचणे,

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. उत्तर चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. आता जे आहे ते सांगतो.

टेबलाचा पाय हलत नाही. दोन वर्षांपूर्वी डाव्या डोळ्याच्या मध्यभागी एक डाग आला. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. तू पुढ्यात येऊन बसलीस तर तुझे कान दिसतील, नाक दिसणार नाही. उजवा डोळाही त्याच वाटेने निघाला आहे, त्यात महिन्याला सुई घेतो. डॉक्टर म्हणतात टिकेल, पण किती ते सांगत नाहीत. टॅब्लेटवर अक्षर लिंबाएवढं करता येतं आणि पानाला पिवळा रंग देता येतो, म्हणून पाचवा आणि सहावा खंड मला वाचता आला. कपाटात जागा भरपूर आहे.

छापील पुस्तक मला डोक्याला लावता येतं, हुंगता येतं, वाचता येत नाही. प्रकरणांची नावं जाड अक्षरात आहेत, तेवढी भिंगाने लागतात. औषधवाल्याने पानं झेरॉक्सवर मोठी करून आणली. अक्षर मोठं झालं, पण असं फिकट की कागदावर केस पडल्यासारखं दिसतं. तुझी पत्रं भिंगाने वाचतो, एका पत्राला दोन दिवस लागतात. पत्राचं ते चालतं, लांबतं तेवढं बरंच. गोष्टीचं तसं होत नाही. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हातातून गेलेली असते.

तुला का सांगितलं नाही? तू मुलखापलीकडे आहेस. रजा टाकून धावत आली असतीस. शिवाय प्रूफवाल्याचे डोळे गेले हे सांगायला प्रूफवाल्यालाच लाज वाटते. कंटाळा वगैरे तू लिहिलंस ते वाचून मला फार लागलं. अगं, आठवड्यात मला दुसरं काय काम असतं?

आता तू म्हणशील, फोनवर वाचून दाखवते. नको. औषधवाल्यानेही विचारलं होतं. त्याने पहिलं पान वाचलंही, बिचारा स्वल्पविरामाला थांबतच नव्हता. मी पुस्तक काढून घेतलं आणि त्याला चहा दिला. चूक त्याची नाही. तुझ्या मामीनंतर मी कुणाचं वाचन ऐकलेलं नाही. कान त्या आवाजाला लागलेले आहेत, दुसरा आवाज आला की तिची खुर्ची रिकामी आहे हे कळतं.

तू पुढे वाच. नियमातून तुला मोकळं केलं.

मामा

१७ मे

प्रिय मामा,

आधी भांडण. दोन वर्षं मला फसवलंस. फोनवर ‘ठणठणीत’ म्हणायचास. मी खूप रडले, तुला कळावं म्हणून लिहिते आहे. रजा मिळत नाही, मोठ्या बाई म्हणतात सप्टेंबरपर्यंत दातांची रांग लागली आहे. नाहीतर आत्ता तुझ्या दारात असते आणि तुला माझे दोन्ही कान दाखवले असते.

भांडण संपलं. पत्रासोबतचा गठ्ठा उघड.

ते पहिलं प्रकरण आहे. पिवळा कागद, काळं जाड पेन, एका ओळीत चार शब्द. आधी संगणकावर करायला बसले, पण आपल्या लिपीत माझा वेग तासाला अर्धं पान, त्यापेक्षा हात बरा. दिवसभर दाताच्या टोकाएवढ्या जागेत ब्रश फिरवते, माझ्या हाताला कंप नाही. नवऱ्याने ओळी आखून दिल्या. पहिल्या प्रकरणाला बेचाळीस कागद लागले. तो म्हणतो, आपण घरात दुसरा छापखाना काढला.

हे कायद्यात बसतं का मला माहीत नाही. दोन प्रती विकत घेतल्या आहेत, एक पडद्यावरची आणि एक कागदाची, आणि वाचणारे आपण दोघं. प्रकाशकाचा माणूस आलाच तर त्याला तुझ्याकडे पाठवते, तू त्याला ती मागच्या पानावरची ओळ वाचून दाखव.

मी पुढे वाचणार नाही. जेवढं उतरवेन तेवढंच वाचेन. नियमातून मोकळं करणारा तू कोण?

टाचणी

६ जून

टाचणे,

बेचाळीस कागद टेबलावर पसरले आणि खिडकी पूर्ण उघडली. पहिलं वाक्य भिंगाशिवाय वाचलं. मग उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. औषधवाला गोळ्या घेऊन आला होता, त्यालाही ते वाक्य वाचून दाखवलं. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही.

तुझं अक्षर सुंदर आहे असं मी म्हणणार नाही, पण ठणठणीत आहे. सतराव्या कागदावर एक शब्द दोनदा पडलाय, लाल केला आहे. सवय.

नावाडी सगळ्यांना ‘पाहुणे’ म्हणतो ते वाचून मी हसलो आणि मलाही हसू येईना. औषधवाल्याला मी हल्ली चेहऱ्यावरून नाही, चपलांच्या आवाजावरून ओळखतो. पण नावाड्याचा गुडघा बघ. दुसऱ्या खंडात धक्क्यावर पडला तेव्हापासून वाकत नाही, आणि लेखक एवढ्या वर्षांनी विसरलेला नाही. आजही तो नावेची किल्ली ठेवायला जाताना धक्क्यावरच्या ठाण्याच्या पायऱ्या टाळून उतारावरून वळसा घेतो. असं सांभाळणाऱ्या लेखकाची प्रूफं तपासायला मिळाली असती तर मी फुकट तपासली असती.

नावेच्या फळ्यांबद्दल पुढच्या पत्रात.

मामा

२२ ऑगस्ट

प्रिय मामा,

नववं प्रकरण पाठवते आहे. मध्ये तीन आठवडे गेले, काम फार होतं. सत्तावीस कागदच आहेत, प्रकरण लहान आहे.

या वेळी विशेष काही घडत नाही. नावाडी मजेत आहे. दहावं लवकरच पाठवते.

सुई घेतलीस का? डॉक्टर काय म्हणाले ते नीट लिही. ‘म्हणाले बरं आहे’ असं लिहू नकोस, त्यांचे शब्द लिही.

टाचणी

१४ सप्टेंबर

चि. टाचणीस,

आधी डॉक्टरांचे शब्द, तू मागितलेस म्हणून. ‘उजवा डोळा मोठ्या अक्षरापुरता आणखी काही महिने साथ देईल. त्यानंतर उजेड आणि आकार राहतील.’ अंधार होणार नाही, एवढं त्यांनी दोनदा सांगितलं. माझी मानसिक तयारी आहे. जेवण, चहा, दाढी हे सगळं मी डोळे मिटून करून बघतो. दाढी सोडून सगळं जमतं.

आता नववं प्रकरण. पंचविसाव्या कागदावर तू लिहिलंस, ‘नावाड्याने नाव बांधली, चाळीस पायऱ्या चढून तो ठाण्यात गेला, किल्ली मेजावर ठेवली आणि म्हणाला, उद्या पुन्हा येतो.’

ज्या माणसाचा गुडघा दुसऱ्या खंडापासून वाकत नाही, तो चाळीस पायऱ्या चढला?

लेखक विसरणारा नाही. म्हणून मी तू पाठवलेलं पुस्तक काढलं, भिंग घेतलं आणि मूळ प्रतीशी ताडून पाहायला बसलो. दोन पानांना तीन सकाळी लागल्या. डोळ्यातून पाणी येत होतं, त्यातलं सगळं भिंगामुळे नव्हतं. पान एकशे नऊ. नाव पैलतीराला लागते, माणसं उतरतात, शेवटची बाई भाडं द्यायला वळते आणि नावाडी दोर हातात धरून बसलेलाच असतो. तो गेलेला आहे. आणि ती बाई ओरडत नाही, त्याच्या हातातला दोर सोडवून खुंट्याला बांधते.

किती चांगलं लिहिलंय गं. आणि ते तू माझ्यापासून लपवलंस.

मी चाळीस वर्षांत कितीतरी माणसं मेलेली तपासली आहेत, काही तर दोन-दोन प्रूफांत. मरणाची मला भीती नाही. पण माझ्यापर्यंत जग आता तुझ्या कागदांवरून येतं. त्यातलं कुठलं खरं आणि कुठलं माझ्यासाठी बेतलेलं हे मला ठरवता येईना, तर मी कशाच्या आधाराने वाचू?

आग न लागताच मी झोपडी जाळली होती, हे मला आठवतंय. तेव्हा रागावण्याचा हक्क निम्माच आहे. तेवढाच रागावलो आहे.

मामा

२८ सप्टेंबर

मामा,

चुकले.

ते प्रकरण मी एका दुपारी उतरवत होते. ‘दोर हातात धरून’ इथपर्यंत लिहिलं आणि हात थांबला. त्याच आठवड्यात तू फोनवर म्हणाला होतास की हल्ली सकाळी उजेड उशिरा येतो. पत्रं पोचायला आठ-दहा दिवस लागतात. तू एकटा खिडकीशी बसून ते पान वाचशील आणि मी इथे कुणाची तरी दाढ घासत असेन, हे मला सहन होईना. तीन आठवडे काम नव्हतंच फार. कागद कोराच होता.

मी दात बनवते. खोटे, पण खरे वाटतील असे. मला वाटलं, हेही जमेल.

पंचवीस, सव्वीस आणि सत्तावीस हे कागद फाडून टाक. पान एकशे नऊ जसंच्या तसं उतरवून सोबत ठेवलं आहे. एक मात्राही बदललेली नाही.

दहावं प्रकरण मी पाठवणार नाही. मी येते आहे. रजा मंजूर झाली, ऑक्टोबरच्या अठरा तारखेला पोचते, तीन आठवडे राहीन. दुकानाला सांग, पुस्तक नसेल, पण भाची तुमच्या देशात उपलब्ध आहे.

आणि मामा, मी मोठ्याने वाचणार आहे. रागावू नकोस. मामीच्या खुर्चीवर बसणार नाही, स्टूल घेईन. गेला महिनाभर मी रोज सकाळी नवऱ्यासमोर सराव करते आहे, स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, सगळं म्हणून. तो म्हणतो, हे ऐकताना गोष्ट कळत नाही. मी म्हटलं, ज्याला कळायची त्याला कळेल. मामीसारखं होणार नाही हे मला माहीत आहे. तू एक पान ऐक. नको वाटलं तर हात वर कर, मी थांबेन आणि आपण नावेच्या फळ्यांबद्दल बोलू.

टाचणी

९ ऑक्टोबर

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तू निघायच्या आधी मिळावं म्हणून औषधवाल्याला जलद टपालाने टाकायला सांगतो आहे.

काल तो टॅब्लेट घेऊन वर आला. ती ओळ गेली आहे, कुणीतरी आमच्या देशाचे हक्क घेतले. पुस्तक आता इथेही मिळतं. ‘घेऊ का?’ म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, नको, माझं शेवटचं प्रकरण अठराला विमानाने येतंय.

स्टूल डुगडुगतं. तू खुर्चीवरच बस. मी आज ती पुसून खिडकीशी ठेवली आहे. हात वर करेन की नाही हे आत्ता सांगत नाही.

तुझे तीन कागद फाडले नाहीत. नीट विचार केला. खोटा दात तू चांगला बसवला होतास, पण चावताना कळतंच. मूळ प्रतीत नाही ते ठेवता येत नाही, हा धंद्याचा नियम आहे, म्हणून तिन्ही कागदांवर लाल रेघ मारली. मग ते कागद पुढ्यात घेऊन दुपारपर्यंत बसून राहिलो. नावाडी पुस्तकात गेला, तो गेलाच. पण कुणाच्या तरी मनात तो चाळीस पायऱ्या चढला आणि उद्या येतो म्हणाला, हेही खरंच घडलेलं आहे.

पंचविसावा कागद सोबत पाठवतो आहे. उजेडात धरून बघ. रेघेखाली मी ठिपके दिले आहेत. ओळ दिसत नव्हती म्हणून बोटाने चाचपून दिले, त्यामुळे काही खाली गेले असतील आणि एखाददुसरा कागदाबाहेर टेबलावरही पडला असेल. तो तू आल्यावर बघशील.

तुझा
मामा